ठपका : एका इंग्रजी क्रियापदाचा उपयोग



या व्याख्यानमालेत इतिहास, तत्त्वज्ञान, नाट्य, अर्थकारण अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होत असतात. अशा ठिकाणी चालकांनी कामगार चळवळीतला माणूस बोलावला, आणि त्याने विषय दिला तो इंग्रजी व्याकरणाचा! कार्यक्रमपत्रिका छापताना काही घोटाळा झाला असावा, असे काही श्रोत्यांना वाटले असेल. घोटाळा झालेला नाही. 'सेन्शर' हे एकच क्रियापद घेऊन आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

आमचे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे इंग्रजी आम्ही शिकलो ते कारखान्याच्या नोटीस-फळ्यावर आणि कामगारांनी घडी करून खिशातून आणलेल्या मेमोंवर. कॉलेजातल्या मुलाचा शब्द चुकला तर त्याचे दोन गुण जातात. आमच्या शाळेत शब्द चुकला तर कोणाची तरी वेतनवाढ जाते. त्यामुळे आमच्या अभ्यासाला धाक होता, आणि धाकाने केलेला अभ्यास बहुधा टिकतो.

एक गोष्ट सांगतो. एका निमसरकारी कचेरीतील एक वायरमन आमच्याकडे आला. तीन वर्षांपूर्वी त्याला एक इंग्रजी मेमो मिळाला होता. वरिष्ठ कारकुनाने त्याला सांगितले, "काही नाही रे, नुसते सेन्शर आहे. पगार कापत नाहीत, काही नाही. सही कर आणि कामाला लाग." त्याने सही केली आणि खाली मराठीत 'मान्य' असे लिहून दिले. तीन वर्षांनी त्याच्या मागचे दोघे वर चढले आणि हा राहिला. विचारायला गेला तेव्हा कळले की बढतीच्या यादीवर विचार झाला त्या दिवशी त्याच्या नावापुढे तो कागद होता. तो आम्हांला म्हणाला, "साहेब, मला वाटलं, साहेब रागावले म्हणून लिहिलंय." रागावणे आणि सेन्शर करणे यांत जो फरक आहे, तो त्याला कोणी सांगितला नव्हता. तो सांगण्यासाठीच आजचे भाषण आहे.

प्रथम उच्चाराचा गोंधळ मिटवू. सिनेमाची कात्री चालवणारा तो सेन्सॉर. आपला शब्द सेन्शर, म्हणजे ठपका ठेवणे. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, आणि त्यांची तिसरी बहीण 'सेन्सस', म्हणजे शिरगणती. प्राचीन रोममध्ये सेन्सॉर नावाचे दोन अधिकारी निवडले जात. नागरिकांची मोजदाद करणे, कोणाची मालमत्ता किती हे ठरवणे आणि कोण कोणत्या दर्जाला पात्र आहे ते यादीत लिहिणे, हे त्यांचे काम. एखाद्याचे वर्तन नीट नसेल तर ते त्याच्या नावापुढे खूण करीत आणि त्याला खालच्या दर्जात ढकलीत. इ. स. पू. १८४ मध्ये कॅटो हा सेन्सॉर असताना त्याने लुसियस फ्लामिनिनस या माजी कॉन्सलला सिनेटमधून काढले. मेजवानीच्या वेळी, आपल्या मर्जीतल्या एकाला खूश करण्यासाठी, त्याने एका माणसाला ठार केले असा कॅटोचा आरोप होता. माणूस बडा होता, त्याचा भाऊ त्याहून बडा होता. पण नावापुढे खूण झाली. म्हणजे जन्मापासूनच या शब्दाच्या हातात शाई आहे. तो तोंडाने बोलण्याचा शब्द नाही, वहीत लिहिण्याचा आहे.

आता क्रियापदाची चाल पाहू. इंग्रजीत दोष देण्याची क्रियापदे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे एक ठरलेले शब्दयोगी चालते. 'अक्यूझ' म्हणजे आरोप करणे. त्याच्या मागे 'ऑफ' येते. 'चार्ज' म्हणजे रीतसर आरोप ठेवणे. त्याच्या मागे 'विथ' येते. 'सेन्शर'च्या मागे 'फॉर' येते. 'द बोर्ड सेन्शर्ड द मॅनेजर फॉर निग्लिजन्स' : मंडळाने व्यवस्थापकावर हलगर्जीपणाबद्दल ठपका ठेवला. परीक्षेपुरते एवढे पाठ केले तरी चालेल. पण आमच्या लेखी या तीन शब्दांतला खरा भेद वेळेचा आहे. अक्यूझ आणि चार्ज हे चौकशीच्या आधीचे शब्द आहेत. तेथे अजून काही सिद्ध झालेले नसते. सेन्शर हा चौकशीनंतरचा शब्द आहे. तो उच्चारला की दोष ठरला. म्हणून मेमोमध्ये 'तुमच्यावर अमुक आरोप आहे' असे असेल तर दार उघडे आहे, आणि 'तुम्हांला सेन्शर करण्यात येत आहे' असे असेल तर दार लावून घेतलेले आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये तुमचा खुलासा कोठे गेला, हा प्रश्न त्याच दिवशी विचारावयाचा असतो.

मराठीतही या घराण्यातले शब्द कमी नाहीत. समज देणे, ताकीद देणे, कानउघाडणी करणे, खरडपट्टी काढणे, ताशेरे ओढणे, ठपका ठेवणे, निषेध करणे, धिक्कार करणे. यांतली कानउघाडणी आई मुलाची करते, मुकादम उमेदवाराची करतो. आई मुलाला सेन्शर करीत नाही. तसे कोणी इंग्रजीत लिहिले तर वाचणारा हसेल. ताशेरे न्यायमूर्ती ओढतात. निषेध कोणीही करू शकतो, रस्त्यावर उभा राहूनही. ठपका मात्र ज्याला ठेवण्याचा अधिकार आहे त्यानेच ठेवावा लागतो. म्हणून सेन्शरला मराठीत ठपका हाच शब्द नेमका बसतो आणि आपल्या राज्याच्या सेवा नियमांतही तोच वापरला आहे. 'ठेवणे' या क्रियापदाकडे लक्ष द्या. शिवी दिली जाते आणि वाऱ्यावर जाते. ठपका ठेवला जातो आणि ठेवलेली वस्तू राहते.

ती कोठे राहते ते आता पाहू. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम आहेत. त्यांतल्या अकराव्या नियमात शिक्षांची यादी आहे. किरकोळ शिक्षांत पहिल्याच क्रमांकावर सेन्शर आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतही किरकोळ शिक्षांची सुरुवात ठपक्यानेच होते. खाजगी कारखान्यांत १९४६ च्या कायद्याखाली मुंबई राज्याने जे नमुना स्थायी आदेश केले होते, त्यांतही गैरवर्तनाच्या शिक्षांची पहिली पायरी ताकीद किंवा ठपका हीच होती. तेव्हा "नुसते सेन्शर आहे" हे वाक्य मुळातच चुकीचे आहे. साहेबाने तोंडी दिलेली समज ही शिक्षा नव्हे. सेन्शर ही शिक्षा आहे.

शिक्षा आहे म्हणूनच तिला रीत आहे. केंद्राच्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की किरकोळ शिक्षा देण्यापूर्वीही नोकराला लेखी कळवले पाहिजे, कोणत्या कृत्याबद्दल ती देण्याचा विचार आहे ते सांगितले पाहिजे, त्याचे म्हणणे मांडावयास वाजवी संधी दिली पाहिजे, आणि ते म्हणणे विचारात घेऊन प्रत्येक आरोपावर निष्कर्ष नोंदवला पाहिजे. शिक्षेचा हुकूम हाती आल्यापासून ४५ दिवसांत अपील करता येते. केवळ ठपक्याने बढती आपोआप अडते असे नाही. पण बढती समितीपुढे माणसाचा सगळा पट मांडला जातो तेव्हा ती ओळही मांडली जाते. आमच्या वायरमनने 'मान्य' लिहिले तेव्हा त्याने आपला खुलासाही सोडला आणि अपीलही दुबळे केले. 'मिळाले' असे लिहून तारीख घातली असती तर एवढे नुकसान झाले नसते. 'मिळाले' आणि 'मान्य' या दोन शब्दांत कामगाराचे किती आयुष्य सामावले आहे, हे आमच्या युनियनच्या कपाटातल्या फायली उघडून दाखवता येईल.

एका ओळीने काय बिघडते, असे आपल्यातला शिपाई म्हणतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणाला नाही. अँड्र्यू जॅक्सनने १८३३ साली सरकारी ठेवी तिथल्या मोठ्या बँकेतून काढून घेतल्या. त्यावर २८ मार्च १८३४ रोजी सिनेटने २६ विरुद्ध २० मतांनी त्याच्यावर ठपका ठेवला की राज्यघटनेने व कायद्याने न दिलेले अधिकार त्याने आपल्या हाती घेतले. या ठरावाने त्याचे पद गेले नाही, पगार गेला नाही, दंड झाला नाही. तरी त्याने लांबलचक निषेधपत्र पाठवले, आणि मिसूरीचा सिनेटर टॉमस हार्ट बेंटन ती नोंद काढून टाकण्यासाठी जवळजवळ तीन वर्षे झगडत राहिला. १६ जानेवारी १८३७ रोजी, सिनेटमध्ये जॅक्सनच्या पक्षाचे बळ झाल्यावर, कामकाजाची मूळ हस्तलिखित वही आणण्यात आली; त्या ठरावाभोवती काळ्या रेघा ओढून 'सिनेटच्या हुकुमाने रद्द' असे त्यावर लिहिण्यात आले. ज्याच्या हाती सेना होती, त्याला एका वहीतली एक ओळ सोसली नाही. मग ज्याच्या हाती फक्त पक्कड आहे, त्याने ती ओळ 'मान्य' म्हणून का सोसावी?

येथवर आम्ही ठपका सोसणाऱ्याच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू पाहू. अपराध मोठा आणि अपराधी सत्ताधारी असला म्हणजे हेच क्रियापद शिक्षेऐवजी आडोसा म्हणून वापरले जाते.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत जनरल डायरने इशारा न देता सुमारे दहा मिनिटे गोळीबार करविला. १,६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशीने हा आकडा याहून फार मोठा धरला. त्या काँग्रेस चौकशीत गांधीजींबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. सरकारने नेमलेल्या हंटर समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. आता क्रम पाहा. समिती बसण्यापूर्वीच, सप्टेंबर १९१९ मध्ये, अधिकाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा सिमल्याला भरलेल्या विधिमंडळात मंजूर करून घेण्यात आला. म्हणजे 'चार्ज' या क्रियापदाचे दार आधी बंद केले. मग चौकशी झाली, डायरने स्वतःच्या तोंडाने बरेच कबूल केले, आणि १९२० साली अहवाल आला. बहुमताच्या अहवालाने इशारा न देता गोळ्या घातल्या आणि लोक पळू लागल्यावरही घालत राहिले, याला 'गंभीर चूक' म्हटले. सेटलवाडांसह तीन हिंदी सभासदांना ती भाषा पुरेशी वाटली नाही. त्यांनी वेगळा आणि कडक अहवाल लिहिला. डायरवर ठपका आला, त्याची नोकरी सुटली. खटला नाही, तुरुंग नाही.

एवढाही ठपका काहींना जड झाला. जुलै १९२० मध्ये इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहाने १२९ विरुद्ध ८६ मतांनी ठराव केला की डायरला अन्यायाने वागवले गेले. 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राने त्याच्यासाठी वर्गणी काढली. २६,००० पौंडांवर रक्कम जमली.

यातून आम्ही असे शिकलो की सेन्शर या शब्दाला माप आहे. मापाबाहेरच्या अपराधाला तो वापरला की तो अपराध लहान होतो. हलगर्जीपणा, अधिकाराचा अतिरेक, कर्तव्यात कसूर यांना ठपका शोभतो. माणसे मारल्यावर ठपका म्हणजे घर जाळणाऱ्याला दिवा नीट ठेव म्हणून सांगणे. आजही एखाद्या कारखान्यात बॉयलर फुटून माणसे मरतात आणि चार महिन्यांनी वाचावयास मिळते की 'संबंधित अधिकाऱ्यांवर ठपका ठेवण्यात आला आहे.' त्या वेळी प्रथम हे पाहावे की 'चार्ज'चे दार कोणी आणि केव्हा लावून घेतले.

आता 'फॉर'कडे वळू, कारण या क्रियापदाचा जीव त्या लहानशा शब्दात आहे. जोसेफ मॅकार्थी हा अमेरिकेचा सिनेटर. कम्युनिस्ट असल्याच्या संशयाची राळ उडवून त्याने कित्येक सरकारी नोकर, शिक्षक, लेखक यांचे जिणे असह्य केले. अखेर २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला. गंमत अशी की इतिहासाची पुस्तके याला सेन्शर म्हणतात, पण ठरावात ते क्रियापदच नाही; तेथे 'कन्डेम', म्हणजे धिक्कार करणे, हे क्रियापद आहे. आणि त्या धिक्काराचे कारण काय लिहिले आहे? त्याने सिनेटच्या एका उपसमितीशी सहकार्य केले नाही आणि त्याची चौकशी करणाऱ्या सिनेटरांबद्दल अपशब्द वापरले. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचे नाव ठरावात नाही. सिनेटरांचा अपमान झाला तो लिहिला. सामान्य माणसांची धूळधाण झाली ती लिहिली नाही. ठराव झाला हे चांगलेच झाले, त्याने मॅकार्थीचा जोर ओसरला. पण ठपका ठेवणाऱ्याला कोणाचे दुःख दिसते आणि कोणाचे दिसत नाही, ते 'बद्दल' या शब्दाच्या आधी काय लिहिले आहे त्यावरून कळते.

आपल्या संसदेतही हा भेद पाळला जातो. अविश्वासाच्या ठरावाला कारणे द्यावी लागत नाहीत. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वासाचा ठराव आणला आणि तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, तो या जातीचा. ठपक्याच्या ठरावात मात्र कोणत्या धोरणाबद्दल, कोणत्या कृत्याबद्दल, हे लिहावेच लागते. अविश्वास म्हणजे 'तुम्ही नकोत'. ठपका म्हणजे 'तुम्ही हे केलेत'.

आणि आता आमच्या स्वतःच्या घरात येतो. युनियनच्या सभांत ठराव होतात ते आपण ऐकले असतील : 'ही सभा मालकांच्या जुलमी, अमानुष आणि पाशवी धोरणाचा तीव्र धिक्कार करते.' टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी तो कागद मालकाच्या टेबलावर जातो आणि तेथून टोपलीत जातो. कारण त्यात तीन विशेषणे आहेत आणि घटना एकही नाही. त्याऐवजी असे लिहिले तर? 'अमुक तारखेला दुसऱ्या पाळीत तीन नंबरच्या प्रेसवरचा गार्ड काढून काम करावे असा हुकूम खात्याच्या मॅनेजरने दिला. कामगारांनी हरकत घेतली ती नोंदवहीत आहे. त्याच पाळीत एका कामगाराची दोन बोटे तुटली. या कृत्याबद्दल सदर मॅनेजरची चौकशी करून कंपनीच्या संचालक मंडळाने त्याच्यावर ठपका ठेवावा, अशी ही सभा मागणी करते.' या ठरावात एकही मोठा शब्द नाही. पण तो कारखाना निरीक्षकाकडे पाठवता येतो, न्यायालयात दाखल करता येतो, वर्तमानपत्राला देता येतो, आणि मालकाला त्याचे उत्तर द्यावे लागते.

येथे एक बारकावा आहे. 'युनियन मालकाला सेन्शर करते' असे आम्ही इंग्रजीत लिहीत नाही. आमचा मालकावर तसा अधिकार नाही. आम्ही निषेध करू शकतो, धिक्कार करू शकतो. ठपका ठेवण्याचा अधिकार ज्या मंडळाकडे, ज्या सभागृहाकडे, ज्या न्यायासनाकडे आहे, त्याच्याकडून तो काढून घेणे हे आमचे काम. त्याला पुरावा लागतो, तारखा लागतात, चिकाटी लागते. घोषणेने घसा बसतो. या कामाने पाठ बसते. पण वहीत ओळ पडते.

एका ठिकाणी मात्र युनियनला हे क्रियापद पूर्ण अधिकाराने वापरता येते, आणि ते म्हणजे तिच्या स्वतःच्या पदाधिकाऱ्यांवर. वर्गणीचा हिशेब वेळेवर मांडला नाही, सभासदांना न विचारता करारावर सही केली, तर सर्वसाधारण सभेने नाव घेऊन, कृत्य सांगून, त्या पदाधिकाऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊन, त्याच्यावर ठपका ठेवावा आणि तो इतिवृत्तात लिहावा. मालकाकडून जी रीत आम्ही मागतो ती आम्हीही पाळावी. सभासदांना आपल्या पुढाऱ्यावर ठपका ठेवण्याची भीती वाटू लागली म्हणजे युनियन राहत नाही, दुकान राहते. ही गोष्ट सहकारी सोसायटीला लागू आहे, शाळेच्या मंडळाला लागू आहे, आणि चालक रागावणार नसतील तर व्याख्यानमालेलाही लागू आहे.

तेव्हा सांगावयाचे ते इतकेच. हे क्रियापद वापरताना किंवा ते आपल्यावर वापरले जाताना चार प्रश्न विचारावेत. ठपका कोण ठेवतो, आणि त्याला तो अधिकार आहे काय? कोणावर ठेवतो, त्या माणसाचे नाव आहे काय? 'संबंधितांवर' असा शब्द आला की समजावे, कोणाला तरी वाचवले आहे. कशाबद्दल ठेवतो, कृत्य, दिवस, वेळ लिहिली आहे काय, आणि कृत्याचे माप ठपक्याच्या मापात बसते काय? आणि तो कोठे लिहिला जातो; तेथे पोहोचण्यापूर्वी ज्याच्यावर ठेवला त्याला बोलू दिले काय?

आमच्या वायरमनच्या हाती आम्ही हेच चार प्रश्न देऊन त्याच्याकडून एक अर्ज लिहवून घेतला. त्याला विचारले की तुझा खुलासा मागितला होता काय. तो म्हणाला, नाही. तेवढ्या एका मुद्द्यावर अर्ज उभा केला आणि उशिराचे कारण खरे ते लिहिले : अर्जदारास इंग्रजी येत नव्हते. अर्ज वर गेला आहे. त्याचा निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण गेल्या महिन्यात त्याच कचेरीतल्या दुसऱ्या एकाला मेमो मिळाला, तेव्हा त्याने त्यावर 'मिळाले' असे लिहिले, तारीख घातली, आणि तो कागद घेऊन संध्याकाळी युनियनच्या ऑफिसात आला.